नऊ नंबरचा सिनेमा

"हा गेला," असं म्हणून सरांनी चार नंबरसमोर अशी रेघ ओढली, की खालचा कागदही फाटला.

छोट्या प्रेक्षागृहात दिवे लागले. पडद्यावर नुकतंच एक अख्खं शहर जमीनदोस्त होता होता लाल झगा घातलेल्या माणसाने वाचवलं होतं. परीक्षक समितीतले बाकीचे दोघे, नाटकात जन्म काढलेल्या बाई आणि कॉलेजात शिकवणारे प्राध्यापक, अजून कान चोळत होते.

"निदान चर्चा तरी करू," प्राध्यापक म्हणाले.

"कशाची? संगणकाची?"

सरांना सिनेमावाले पाठीमागे वस्तरा म्हणत. चाळीस वर्षं दर रविवारी ते आपल्या स्तंभातून कुणाची ना कुणाची बिनपाण्याने करत आले होते. यंदा समितीचं अध्यक्षपद मिळाल्यावर पहिल्याच रविवारी त्यांनी लिहून टाकलं, 'माझ्या सहीने एखाद्या झगेवाल्याला सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचं पदक गेलं, तर त्या दिवसापासून हा स्तंभ बंद.'

"अहो, कशाला असलं काही लिहून बसता?" बायको म्हणाली होती. "लिहिण्यावाचून तुम्हाला दुसरं येतं काय? अंडं उकडता येत नाही धड."

स्तंभातल्या त्या ओळीचा रोख कुणावर होता, ते सगळ्यांना ठाऊक होतं. एके काळी सरांच्या मागे पुस्तकांची पिशवी घेऊन हिंडणारा त्यांचा लाडका शिष्य आता झगेवाल्यांचे सिनेमे काढत होता. तीन काढले, तिन्ही तुफान चालले. सरांनी तिन्हींची सालटी काढली, पाहिला मात्र एकही नव्हता. वास यायला नाल्यात उतरावं लागतं काय, असं ते विचारत.

"सर, एकदा बघा तरी," शिष्य फोनवर म्हणाला होता. "मग हवं ते बोला."

"बघण्यासारखं काही कर. बघेन."

त्यानंतर बोलणं नव्हतं. आणि यंदा त्याचा चौथा सिनेमा स्पर्धेत होता.

स्पर्धेची रीत अशी, की प्रदर्शित न झालेले सिनेमे यायचे आणि त्यांची नावं, श्रेयनामावली, सगळं कापून फक्त नंबर द्यायचे. कोणता नंबर कुणाचा, ते अध्यक्षांनाही शेवटपर्यंत कळत नसे. पण झग्याला नंबर दिला म्हणून तो लपतो थोडाच!

"उडणाऱ्या माणसाच्या सिनेमालाही दिग्दर्शक लागतोच ना, सर?" प्राध्यापकांनी चिकाटी सोडली नाही. "नटाच्या डोळ्यांत भीती आणणं, हे काम कुणीतरी करतंच."

"मला शिकवू नका. हा कुणाचा आहे, ते मला पुरतं कळलंय."

"नाव घ्यायचं नाही, सर. नियम आहे," बाई म्हणाल्या.

"घेतंय कोण? ते नाव केव्हाच टाकलंय मी."

तिसऱ्या दिवशी दुपारी नऊ नंबर लागला आणि सर खुर्चीत ताठ झाले. ना संगीत, ना सजावट, ना एकही ओळखीचा चेहरा. चारी भिंतींना एकच सपाट रंग दिलेली रिकामी खोली. करड्या कपड्यांतला एक माणूस, पाठीला दोर बांधलेला. एक आई समोरच्या रिकाम्या जागेपुढे हात जोडते आणि आपल्या पोराचा जीव मागते. शेवटी तो माणूस उंच स्टुलावर पालथा पडतो, दोन्ही हात पसरतो आणि खालच्या फरशीकडे बघत म्हणतो, "किती माणसं आहेत खाली. एकटा कुणाकुणाला धरू?"

दिवे लागले तेव्हा सर रडत होते. त्यांनी डोळे पुसले नाहीत.

"मला जरा अपुरा वाटला," प्राध्यापक चाचरत म्हणाले.

"वाटणारच! सगळं भरून वाढलेलं खायची सवय तुम्हाला. अहो, काढून टाकायला छाती लागते. दोर बघितलात? लपवलासुद्धा नाही! माणूस बांधलेला आहे, हे आणखी कसं सांगायचं? त्या चार नंबरवाल्याला समोर बसवून दाखवा हा."

"समोर चिटपाखरू नसताना असं बोलून घेणं सोपं नाही," बाई म्हणाल्या. "माझं मत नऊला."

प्राध्यापकांनी मान तुकवली. सरांनी सही ठोकली आणि मानपत्र स्वतःच लिहायला घेतलं.

पदकांच्या संध्याकाळी शिष्य तिसऱ्या रांगेत बसला होता. कानशिलं पांढरी झालेली, डोळे तेच. कार्यक्रम संपला की त्याला गाठायचं, सरांनी ठरवलं. म्हणायचं, अजून वेळ गेलेली नाही, ये घरी, पुन्हा पहिल्यापासून शिकू.

मग माईकसमोर उभं राहून त्यांनी मानपत्र खणखणीत वाचलं. "संगणकाच्या जत्रेला नकार देणारा, झग्याविना माणूस दाखवणारा हा दिग्दर्शक..." टाळ्या पडल्या. शिष्यानेही वाजवल्या, जरा सावकाश.

नावाआधी विजेत्या सिनेमातला एक प्रसंग दाखवायची प्रथा होती. स्पर्धेचे सचिव सरांच्या कानाशी लागले. "सर, याची पक्की प्रत कालच आली. आपण पाहिली ती चुकून कच्ची आली होती म्हणे."

"कच्ची तर कच्ची. लावा."

दिवे मंदावले. तोच माणूस, तसेच पसरलेले हात. "किती माणसं आहेत खाली," तो म्हणाला. खाली फरशी नव्हती, क्षितिजापर्यंत पेटलेलं शहर होतं. पाठीला दोर नव्हता, वाऱ्यावर फडफडणारा निळा झगा होता. आणि तिसऱ्या रांगेतून उठून शिष्य मंचाकडे यायला निघाला होता.