हमामाचं सामान

खोटं वाटलं तर बेल्ह्यात विचारा. सुदर्शननं हौश्या बैल जोडीदारासकट बाजारात विकला आणि गोठ्याच्या जागी तुर्की हमाम बांधला. त्या दिवसापासून त्याचे वडील, भगवंततात्या, कुणाशी एक शब्द बोलले नव्हते. घरच्यांनीही विचारणं सोडून दिलं होतं.

सामान मात्र लई लांबून आलं. संगमरवरी ओटा राजस्थानातून, साबण थेट तुर्कस्तानातून, तांब्याची घंगाळी जुन्नरच्या हनीफभाईंकडून. राहिले ते अंग चोळायचे खरखरीत हातमोजे. आणि पुण्याचा पहिला पावणा तर ओट्यावर पालथा पडलेला.

"हनीफभाई, मोजं कुठं हायेत? पहिलंच गिऱ्हाईक हाय, राव!" सुदर्शन फोनवर रडकुंडीला आला.

"टेम्पो घाटात बंद पडलाय. तवर गरम पाणी ओत आन् गप्पा हाण."

तेवढ्यात तात्या बैल घासायचा काथ्याचा बोळा घेऊन आत शिरले आणि मुकाट्यानं पावण्याची पाठ घासू लागले. पावण्याचे डोळे सुखानं मिटले. पाठ झाली तशी तात्यांनी त्याच्या मांडीवर थाप मारली, आणि वर्षभरानं त्यांच्या तोंडून शब्द फुटला.

"पाय उचल, हौश्या."


पावण्यानं निमूट उचलला.