मागच्या दाराची प्रार्थना

कपडे शिवायच्या त्या कारखान्यात मशिनी सुरू व्हायच्या आधी रोज एका बाईनं मोठ्यानं प्रार्थना म्हणायची पद्धत होती. आज नंबर परमुलखातून आलेल्या काज-बटणवालीचा होता. मालक सगळ्यांत पुढे, डोळे मिटून, हात जोडून उभे.

नुकत्याच शिकलेल्या भाषेत ती अडखळत, पण खणखणीत आवाजात म्हणाली, “देवा, आम्ही आत असतो तेव्हा मागच्या दाराला बाहेरून कुलूप असतो. आग लागला तर आम्ही कुठून पळायचं?”

बायका फिसकन हसल्या. मालकांचे डोळे खाडकन उघडले.

सुपरवायझर बाई तिच्या अंगावर खेकसली, “अगं, कशाला स्वतःचं हसं करून घेतेस? तुझ्या भाषेत म्हण ना! देवाला सगळं कळतं.”

तिनं जोडलेले हात तसेच ठेवले.

“देवाशी मी माझ्याच भाषेत बोलते, ताई. ही मालकांसाठी शिकले.”