बारावा खण

दुपारी जेवायला घरी आलेल्या कुलदीपने पेटी उघडली आणि तो थबकला. आजही बाराही घड्याळं चालू होती.

त्याने त्यांना कधीच चावी दिली नव्हती. स्वित्झर्लंडमध्ये साठ-सत्तर वर्षांपूर्वी बनलेली, सोन्याची, सुटाच्या बाहीखाली अलगद सरकतील इतकी पातळ घड्याळं. तारीख नाही, सेकंदकाटा नाही. चंद्रपुरातला हा दातांचा डॉक्टर ती हातात घालत नसे. झिजू नयेत म्हणून चालवतही नसे. काचेच्या झाकणाखाली, मखमली खणांत ती थांबलेली असत. बारावा खण अनेक वर्षं रिकामा होता. रविवारी विकत आणलेल्या घड्याळाने तोही भरला. तेव्हापासून घड्याळं आपोआप चालत होती.

"वच्छला, खरं सांग. पेटीले हात कोन लावते?"

त्याच्या आईची देखभाल करणारी वच्छला वरणाची वाटी घेऊन उभी होती.

"मी नाई जी, डॉक्टरभाऊ. तुमी वेळ पाहाता मोबाइलात. हे घड्याळं कोनाले वेळ सांगतेत, तेच मले आजवर समजलं नाई."

"घरात आपण तिघंच. मायले तर सकाळचं संध्याकाळी आठवत नाई. मंग कोन? उद्यापासून येऊ नको."

वच्छलाने वाटी टेबलावर ठेवली. "नाई येत. पन बाईले जेवू घालाले दुसरं कोनी पाहून ठेवा. रविवारपासून त्यायनं घास गिळला नाई."

रविवारपासून. घड्याळं चालू होणं आणि आईचं न जेवणं, कुलदीपने हे दोन्ही कधी एकत्र धरलं नव्हतं. आताही धरता येईना.

तेवढ्यात बायनाबाई आतून आली. मुलाला बाजूला सारून तिने पेटीतलं पहिलं घड्याळ उचललं, बोटांनी चावी दिली, जागेवर ठेवलं. मग दुसरं. हात जराही थरथरत नव्हता.

"माय, काय करून राह्यली?"

"चाव्या देऊन राह्यली. पाळी कवाची सुटली. कोनीच वर आलं नाई."

त्याला काही कळेना. मग हळूहळू कोळशाच्या खाणींचं घुग्घुस आठवलं. खाणीच्या तोंडाशी आईची चहाची टपरी होती. कोळशाची धूळ घड्याळात शिरते म्हणून खाली उतरणारे आपापली घड्याळं तिच्याकडे ठेवून जात. आई ती खणांच्या लाकडी पेटीत मांडे. वर आलेला माणूस चहा पिऊन आपलं घड्याळ उचले. कोणाला उशीर झाला तर ती त्याच्या घड्याळाला चावी देत राही. माणूस वर येईपर्यंत ते बंद पडू द्यायचं नाही, हा तिचा नेम. कुलदीप सातवीत असताना त्याचा बाप खाली गेला आणि आलाच नाही. त्याच्या घड्याळाला ती वर्षभर चावी देत होती.

बायनाबाईने बाराव्या खणावर बोट ठेवलं.

"हा खण रिकामा होता तवा मी निवांत होती. तुहा बाप वर आला होता, कुलदीप. त्याले परत खाली कोनं धाडलं?"

वच्छलाने पदराचं टोक तोंडाशी धरलं.

कुलदीपने बाराव्या खणातलं घड्याळ उचललं. पट्टा ताठ होता, एकदाही न वापरलेला. बक्कल बसवताना त्याला मध्येच घडी पडली. त्याने ते मनगटावर बांधलं आणि हात आईपुढे केला.

"आलो वर."

ती आधी रिकाम्या खणाकडे बघत राहिली. मग मनगटाकडे. मग बराच वेळ त्याच्या चेहऱ्याकडे. तिने पदर डोक्यावर घेतला.

"हात धुवून या," ती हळूच म्हणाली. "कवाची जेवाची थांबली हाओ मी."