हात जाईल एवढी जागा

लेकीने जेवणाचं टेबल पुसून त्यावर आपलं कॉलेजचं ड्रॉइंग पसरलं. लोखंडी शेडचा एक जोड, बीम कॉलमला बोल्टांनी बसवलेला. आकडेमोड तीनदा तपासलेली. बाबांनी, म्हणजे तीस वर्षं असेच जोड आवळणाऱ्या फिटरने, कोपऱ्यातल्या बोल्टावर बोट ठेवलं.

"हा कोण आवळणार? पाना धरलेला हात इथे शिरतच नाही."

ती फुरंगटली. मग पट्टी आणून तिने बाबांची मूठ मोजली आणि बोल्ट तेवढा सरकवला.

दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, "इथे एवढी जागा कोणत्या नियमाने सोडलीस?"

"नियमाने नाही सर, बाबांच्या हाताने."

सर हसले. "हातमोजा घालून मोजलास, की उघडाच?"

मोजला होता उघडाच. बाबा हातमोजे घालतच नाहीत; घाला म्हणून सांगून सांगून आई थकली होती.

बोल्ट पुन्हा सरकला. संध्याकाळी तिने नव्या हातमोज्यांची जोडी बाबांच्या डब्याच्या पिशवीत टाकली.

"डिझाइन हातमोज्यांसकट मंजूर झालंय, बाबा. आता उघडा हात नियमात बसत नाही."