समोरची पांढरी भिंत

आत शिरताच चित्राने सवयीने हात जोडले आणि जोडलेले हात घेऊन ती तशीच उभी राहिली. नमस्कार करायचा कोणाला? समोर नुसती पांढरी भिंत. मूर्ती नाही, तसबीर नाही, साधा क्रूससुद्धा नाही.

जपानमधल्या इचिकावा शहरातलं हे छोटं प्रार्थनाघर मालकीणबाई हिरानो-सानच्या आजोबांनी बांधलेलं. मोठ्या चर्चमधल्या मूर्ती त्यांना पटेनात. देव ऐकायचा असतो, बघायचा नसतो, असं म्हणत ते चार माणसं घेऊन बाहेर पडले. सख्खा भाऊ मरेपर्यंत त्यांच्याशी बोलला नाही. आता इथे प्रार्थनेला हिरानो-सान धरून तीनच म्हाताऱ्या उरल्या होत्या आणि छप्पर गळत होतं. शेवटी विकायचं ठरलं. एक गिऱ्हाईक ते पाडून पार्किंग करणार होतं. दुसरं गिऱ्हाईक म्हणजे चित्राचं मराठी मंडळ.

सॉफ्टवेअरच्या कामासाठी पुण्या-मुंबईहून आलेली ही कुटुंबं टोकियोच्या निशी-कसाई भागातल्या भाड्याच्या हॉलमध्ये गणपती बसवत. तिथे उदबत्ती चालत नसे. आरती तर इतकी हळू म्हणावी लागे, की बाप्पा आजारी आहेत असं वाटावं. चित्राला त्याचं फार वाईट वाटायचं. हक्काची जागा तिला अगदी मनापासून हवी होती.

निघताना नवऱ्याने, गुणवंतने, बजावलं होतं, की कल्चरल प्रोग्रॅम एवढंच सांग. मूर्तीचा विषय काढून हात दाखवून अवलक्षण नको.

हिरानो-साननी चहा दिला आणि एकच गोष्ट विचारली. इथे मूर्ती आणणार का?

चित्राने भिंतीकडे पाहिलं. खोटं काही तिच्या तोंडून निघेना.

“आणणार,” ती तोडक्यामोडक्या जपानीत म्हणाली. “मातीची. दहा दिवस पूजा करतो. मग नाचत-गात पाण्यात विरघळवतो. रडू येतं, पण ठेवून घेत नाही.”

“मग इथे काय उरतं?”

“ही भिंत.”

हिरानो-सान उठून आतल्या खोलीत गेल्या. जागा हातची गेली, असं समजून चित्राने पर्स उचलली. तेवढ्यात म्हातारीने बाहेर येऊन प्रार्थनाघराची किल्ली दोन्ही हातांनी तिच्यापुढे ठेवली.

“मूर्ती सोडताना आजोबांना सख्खा भाऊ गमवावा लागला,” त्या म्हणाल्या. “आणि तुम्ही दरवर्षी नाचत सोडता.”