शनिवारची रायफल

सलग सहाव्या शनिवारी डेल्बर्ट चाळीस मैल पिकअप हाकत बंदुका दुरुस्त करणाऱ्या ऑरिनकडे आला. "ही आखूड नळीची रायफल परत अडकतेय बघ."

ऑरिनने रायफलचा दस्ता उघडला. डेल्बर्टच्या घरी भरलेल्या कमी जोराच्या काडतुसांना झेपेल असं हलकं वजन त्याने गेल्याच शनिवारी दस्त्यातल्या स्प्रिंगला लावलं होतं. आत पुन्हा जुनं, जड वजन होतं.

"हे कसं आलं रे?"

"आलं असेल आपोआप," डेल्बर्ट भिंतीकडे बघत म्हणाला.

ऑरिनने हलकं वजन बसवलं. मग दहा गोळ्या झाडून पाहिल्या; दहाही न अडकता सुटल्या. डेल्बर्टचा चेहरा पडला. तेव्हा ऑरिनने जड वजन डेल्बर्टच्या खिशात टाकलं.

"राहू दे. काडतुसं बदललीस तर लागेल. शनिवारी ये."

पिकअप गेल्यावर ऑरिनने दार लावलं. दारावरच्या 'दुकान कायमचं बंद' या पाटीला दोन वर्षं झाली होती.