लिफ्टची खुंटी

ती गेल्याचं तिच्या ऑनलाइन खेळातल्या लोकांना कळलं ते रविवारी दुपारी. लिफ्टवाल्याने बायकोच्या कॉम्प्युटरवर एका बोटाने टाइप केलं, "त्या वारल्या. मी त्यांचा नवरा." मग हेडफोनमध्ये आवाज आला. पडद्यावर नाव होतं 'बोका', पण आवाज बाईचा होता.

"काका, मावशींसाठी रडायला सगळं आयुष्य पडलंय. आत्ता घर वाचवायला हवं."

"कुठलं घर?"

शेजारी बसलेल्या मुलीने माउस फिरवून दाखवलं. दगडी, दुमजली घर. दारात औषधी झाडांचे वाफे. अंगणात खेळातली ती उभी होती, कमरेपर्यंत वेणी सोडून.

"आईचे केस गेले ना, तेव्हा तिने हिचे वाढवले," मुलगी म्हणाली.

घरात मधोमध एक लाकडी लिफ्ट होती, दोराची. लिफ्टवाला पुढे वाकला.

"असल्या तलवारींच्या जमान्यात लिफ्ट कुठून आली?"

"मावशींनीच बांधली," बोका म्हणाली. "आम्ही हसलो, तर म्हणाल्या, लिफ्टवाल्याच्या बायकोने जिने का चढायचे? वरच्या मजल्यावर दार बसवायचं राहिलं मात्र. तिथे नुसती भिंत आहे."

मग बोक्याने नियम सांगितला. सीमेवरच्या घरावर कोणीही दावा लावू शकतो. 'कोयता' नावाच्या खेळाडूने लावला होता आणि आता तो येणारच होता. घराच्या मालकाने एकट्याने त्याच्यासमोर उभं राहायचं. घंटा होईपर्यंत टिकला तर घर मालकाचं. पडला तर कोयता ते पाडणार आणि त्या जागी आपलं बांधणार.

"तुम्ही लढा ना तिच्या बाजूने."

"आम्हाला कुंपणाच्या आत येता येत नाही, काका."

"अहो, पण मला यातलं ओ की ठो कळत नाही."

"त्यांना तरी कुठे लढता यायचं? जखमी लोकांना औषध लावत फिरायच्या. म्हणून सांगते, मारायला जाऊ नका. मारायचं नाही आणि मरायचं नाही, एवढंच धरून चाला. त्याच्या हाताकडे बघू नका, पायांकडे बघा. पाठ दाखवू नका. हिरवं बटण म्हणजे औषध."

लिफ्ट दुरुस्त करत, त्यांच्या खोल पोकळीत दोराला लटकून त्याचा जन्म गेला होता. आता मात्र तो साधा माउस दोन्ही हातांनी धरून बसला होता.

"बाबा, एवढं काय घाबरताय? पडली तरी उठते परत. विहिरीपाशी. सगळेच उठतात."

"परत उठते?"

मुलीने जीभ चावली.

कोयता कुंपणावरून उडी मारूनच आत आला. पडद्यावर अक्षरं उमटली, "मावशी, सामान बांधलं का?" आणि पहिला घाव बसला. तिच्या जिवाची लाल पट्टी अर्धी झाली. लिफ्टवाल्याने त्याचे पाय नीट दिसावेत म्हणून त्याच्यावर क्लिक केलं आणि हिरवं बटण दाबलं.

"काका! औषध त्याला लागलं! आधी मावशींवर क्लिक करा, मग बटण!"

"आभारी आहे," कोयत्याने लिहिलं आणि पुन्हा घाव घातला.

ती गुडघ्यावर आली. एक हात जमिनीला टेकून. हॉस्पिटलमध्ये पलंगाची कड सुटली तेव्हा ती अशीच खाली बसली होती. लिफ्टवाल्याने माउस सोडून दिला.

"बाबा! हात लावा! बाबा!"

त्याने हात लावला. पाठ दाखवू नका हे विसरून तिला पळवत थेट लिफ्टमध्ये नेलं. लिफ्ट कुरकुरत वर चढू लागली. तेवढ्यात कोयत्याने दोर गुंडाळायचं खालचं चाक धरलं आणि उलटं फिरवलं. लिफ्ट थबकली, मग खाली सरकू लागली. वर भिंत, खाली कोयता.

लिफ्टच्या कडेला, आतल्या बाजूला, एक लाकडी खुंटी होती. जेवताना लिफ्टवाला नेहमी म्हणायचा, ब्रेक नसलेली लिफ्ट म्हणजे विहिरीतली बादली. ती म्हणायची, पुरे आता, भाजी वाढू का. पण ऐकलं होतं तिने. खुंटी बरोबर जिथे हवी तिथेच होती.

त्याने खुंटी आत ढकलली. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये जागच्या जागी थांबली. खाली कोयता चाकाशी झोंबत होता, वर उड्या मारत होता. हात पोचत नव्हता.

"उतर खाली," त्याने लिहिलं. "ही काय लढाई आहे?"

आयुष्यभर लिफ्टवाल्याने अडकलेली माणसं बाहेर काढली होती. दाराला तोंड लावून आतल्यांना तो एकच सांगायचा. आता त्याने ते पडद्याजवळ तोंड नेऊन सांगितलं, हळू आवाजात. "घाबरू नकोस. हलू नकोस. मी आहे."

घंटा झाली. कोयता आला तसा कुंपणावरून निघून गेला. हेडफोनमध्ये बोका ओरडत होती.

"राखलंत, काका! घर राखलंत! आता खुंटी काढा, मावशींना खाली आणा. सगळे अंगणात जमलेत."

त्याचा हात माउसवर होता. बाण खुंटीवर होता.

"खाली आणली, की पुन्हा कोणी येईल?"

"येईल की. रोजचंच आहे ते. तुम्हाला शिकवते मी, घाबरू नका."

त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. त्यातून बारीक आवाज येत राहिला, काका, काका. मुलगी चहा ठेवायला उठली.

घर वाचलं आहे. कॉम्प्युटर अजून चालू आहे. खुंटी काढायची राहिली आहे.